सरोजाक्का आणि अर्धा अहवाल

सरोजाक्का गेल्याचं मला प्रयोगशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मंगळवारची सकाळ होती, मी मुलीचा डबा भरत होते. एचआरमधल्या मुलीनं दोन ओळी टाकल्या होत्या, की आपल्या माजी सहकारी सरोजा बाई यांचं काल संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन निधन झालं. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं पटापट यायला लागली. आमच्या संचालकांचे हात पहिल्या पाचांत होते. मीही हात जोडले, आणि मोबाइल ओट्यावर उपडा ठेवल्यावर मला आठवलं, की याच ग्रुपमधून अक्कांना दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. ज्या एचआरनं काढलं, त्याच एचआरनं ही बातमी दिली. दुपारपर्यंत ग्रुपवर कॅन्टीनच्या नव्या वेळा आल्या आणि अक्का वर सरकून दिसेनाशा झाल्या.

अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून पीएच.डी. घेऊन मी बेंगळुरूला आले. यजमानांना इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली होती, आणि मला शहराबाहेरच्या एका खासगी चाचणी प्रयोगशाळेत. नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कण. ते हल्ली अन्नात, औषधांत, पावडरींत घातलेले असतात, आणि पोटात गेल्यावर त्यांचं काय होतं हे तपासणारा विभाग माझ्याकडे सोपवला होता. विभाग म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि अक्का. त्या तेव्हा पन्नाशीला आलेल्या, स्थानिक कॉलेजातून एम.एस्सी. झालेल्या आणि तिथे पंधरा वर्षं काढलेल्या होत्या. मी त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, आणि त्यांची साहेब.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओळख करून दिली ती पोटाची. कृत्रिम लाळ, कृत्रिम जठररस, आतड्यातला रस... हे सगळं रोज सकाळी ताजं करायचं असतं. क्षार मोजायचे, आम्ल घालायचं, पाचक द्रव्यं आणि पित्त विरघळवायचं. मग नमुना आधी लाळेत, मग दोन तास जठररसात, मग दोन तास आतड्याच्या रसात, शरीराइतक्या गरम पाण्यात हलत ठेवायचा. पित्ताच्या भुकटीचा वास भयंकर. कितीही हात धुतले तरी जात नाही. अक्का सुती साडीवर पांढरा कोट घालायच्या, तरी तो वास पदरात शिरायचा. ‘‘बसमध्ये माझ्या शेजारची सीट सदा रिकामी असते की,’’ त्या हसून म्हणायच्या. ‘‘बरं आहे. ऐसपैस बसून जाते.’’

हे सगळं कशासाठी, ते नव्या मुलांना त्या एका वाक्यात सांगायच्या. ‘‘कॉफीत साखर घातली तर साखर उरत नाही. वाळू घातली तर तळाशी वाळूच सापडते. आपण एवढंच सांगायचं, साखर की वाळू.’’ शास्त्राच्या भाषेत बोलायचं, तर कण पोटात विरघळून गेले, की त्यांच्या सूक्ष्म असण्याची वेगळी काळजी करायची गरज नसते. पण कण कणच राहिले, तर पुढचे प्रश्न सुरू होतात. ते आतड्याच्या भिंतीतून आत जातात का, कुठे साठतात... आणि मग पुढच्या लांबलचक चाचण्या. त्या चाचण्या कुणालाच नको असतात. प्रत्येक ग्राहकाला आपली वस्तू साखरच हवी असते.

पहिल्या महिन्यात माझीच चूक झाली. एका नमुन्याचा आतड्याचा रस मी नेहमीच्या गाळणीतून काढला, खाली पाण्यासारखा स्वच्छ द्रव आला, आणि मी अहवालात लिहिलं, ‘पूर्ण विरघळला’. अक्कांनी कागद वाचला. दोन बाटल्या आणल्या. एकीत नमुन्याचा गाळलेला रस, दुसरीत नमुना न घातलेला तसाच गाळलेला रस. खोलीतला दिवा मालवला आणि व्याख्यानात वापरतात तो हिरव्या लेसरचा झोत दोन्हींतून सोडला. नुसत्या रसात फिकट, असून नसल्यासारखी रेघ दिसली. नमुन्याच्या बाटलीत मात्र हिरवी काठी उभी राहावी तशी ठसठशीत.

‘‘विरघळला म्हणताय ना मॅडम? मग ही रेघ कसली?’’

गाळणीची भोकं कणांपेक्षा मोठी होती. कण त्यातून पार झाले होते, प्रकाश त्यांच्यावरच विखुरला होता, आणि मी त्यांना विरघळलेलं समजले होते. पुण्यात मी सहा वर्षं जे शिकले, ते मला बेंगळुरूतल्या जयनगरच्या एका बाईनं पाच मिनिटांत पुन्हा शिकवलं, तेही दार लावून, कुणाला कळू न देता. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. त्यांनी ‘मॅडम’ सोडायला आणखी वर्ष घेतलं. माझी मुलगी सई पोटात होती तेव्हा मला त्या पित्ताच्या वासानं उलट्या व्हायच्या. अक्कांनी माझं टेबल बाहेरच्या खोलीत हलवलं आणि म्हणाल्या, ‘‘सहा महिने तू आत पाऊल टाकायचं नाहीस, मेधा. आत काय चाललंय ते मी बघते, तू फक्त वाच.’’ पहिल्यांदा एकेरी. माझी आई साताऱ्यात होती. मला त्या एकेरीनं रडू आलं होतं.

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, पण ती त्यांची त्यांची. ‘स्वल्प थांब की’ म्हणजे जरा थांब, ‘सरी’ म्हणजे बरं, ‘आयतु’ म्हणजे झालं, असे कानडी शब्द त्यात सहज मिसळलेले. मी एकदा सगळ्यांसमोर त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘‘तुझी मराठी शाळेत गेलेली आहे गं. माझी घरीच राहिली.’’ आता ते आठवलं की मान खाली जाते. पण मान खाली जावी असं याहून मोठं काही मी पुढे करून ठेवलं आहे. तेच सांगायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी लहान मुलांच्या दुधात घालायच्या एका पावडरीचं काम आलं. तिच्यात जस्त होतं, नॅनो रूपात, अंगी लवकर लागावं म्हणून. ग्राहक मोठा होता. हे काम नीट झालं तर त्यांची पुढची सगळी कामं आमच्याकडे येणार होती. जठररसात जस्त काही मिनिटांत विरघळलं. सगळे खूश. मग आतड्याचा टप्पा आला. तिथे आम्ल संपतं, रसात फॉस्फेट असतं. विरघळलेलं जस्त त्याच्याशी जुळलं आणि पुन्हा कण तयार झाले. नवे कण, तितकेच बारीक. अक्कांनी नुसत्या रसाशी ताडून पाहिलं, सर्वांत बारीक गाळणीतून काढून पाहिलं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढून घेतले. कण होते.

अक्कांनी दुसऱ्यांदा केलं. तेच. संचालकांनी मला बोलावलं. तिसऱ्यांदा करा म्हणाले. मी खाली येऊन अक्कांना सांगितलं, ‘‘अजून एकदा बघा अक्का. परवानगीचा कागद मी नंतर देते.’’ त्यांनी तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. त्यानंतर चार दिवसांनी ग्राहकाचं नवं मागणीपत्र आलं. त्यात आतड्याचा टप्पाच नव्हता. फक्त जठररस. संचालक शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, क्लायंट ने जितना पूछा है, उतना बताइए. झूठ थोड़ी लिखना है.’’

खरंच, खोटं लिहायचं नव्हतं. ‘कृत्रिम जठररसात पदार्थ जलद व संपूर्ण विरघळतो.’ यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. मी सही केली. चाचणी करणाऱ्या म्हणून अक्कांची सही खाली हवी होती. त्यांनी कागद परत माझ्या टेबलावर ठेवला.

‘‘अक्का, यात एक तरी अक्षर खोटं आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘अर्धं आहे की.’’

‘‘अर्धं म्हणजे खोटं नव्हे.’’

‘‘मग पूर्ण लिहायला काय जातंय? हे कण वाईटच आहेत असं मी कुठे म्हणते? असतील, नसतील. मला ठाऊक नाही, तुलाही ठाऊक नाही. म्हणून तर लिहायचं. पुढचे लोक बघतील.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘मुलं पिणार आहेत गं हे.’’

मी म्हटलं, वर कळवते. वर काय कळवलं, तर अक्का तयार नाहीत एवढंच. त्यांच्या जागी दुसऱ्या एकानं सही केली आणि अहवाल गेला. पुढच्या आठवड्यात अक्कांची बदली फाटकाजवळच्या नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर झाली. तेवीस वर्षांच्या नोकरीत जिचं निम्मं आयुष्य जठर आणि आतडं तयार करण्यात गेलं, ती बाई पार्सलांवर शिक्के मारायला लागली. मी येताजाता हात करायचे. त्याही करायच्या. अजून मला वाटत होतं, हळूहळू सगळं निवेल.

पण अक्कांच्या वहीत ते तिन्ही प्रयोग लिहिलेले होते, आणि वही ही प्रयोगशाळेची मालमत्ता. वर्षअखेरीच्या तपासणीत कुणी ती पाहिली तर प्रश्न आले असते. तेव्हा प्रश्न येण्याआधी उत्तर तयार करायचं ठरलं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘सदर प्रयोग विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय केल्याचे आढळले आहे.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचे. हेही अक्षरन् अक्षर खरं. लेखी परवानगी नव्हतीच, कारण तो कागद मी कधी दिलाच नाही. ‘लेखी’ या एका शब्दाआड मी लपले.

अक्कांना बोलावलं. टेबलापलीकडे संचालक, एचआर आणि मी. त्यांनी माझं टिपण दोनदा वाचलं. चष्मा काढला. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, ‘‘तोंडी सांगितलं होतंस, हे पण लिहितेस का, मेधा?’’

त्या खोलीत मराठी समजणारी मी एकटीच होते. त्यांनी मुद्दाम मराठीत विचारलं, म्हणजे मला सांभाळून घेत विचारलं, हे मला फार नंतर कळलं. एक ‘हो’ पुरलं असतं. संचालक म्हणाले, ‘‘क्या कह रही हैं?’’ मी म्हटलं, ‘‘कुछ नहीं सर.’’

अक्कांनी चष्मा पुन्हा लावला. ‘‘सरी, मॅडम,’’ म्हणाल्या. आणि त्यांच्यापुढे ठेवलेल्या राजीनाम्याच्या कागदावर, इतके दिवस दुसऱ्या कागदावर न केलेली सही, शांतपणे केली. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. निरोपसमारंभ झाला नाही. त्या गेल्या त्या दुपारी मी एका मीटिंगमध्ये होते. ती मीटिंग लांबवता येईल तितकी मीच लांबवली.

त्यांनी के. आर. पुरमच्या पलीकडे एका छोट्या कॉलेजात नोकरी धरल्याचं मला कळलं. मुलांकडून प्रात्यक्षिकं करून घ्यायची, काचसामान सांभाळायचं. जयनगरहून जायला-यायला रोजचे साडेतीन-चार तास. मी फोन केला नाही. दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज पाठवला, तोही सगळ्यांना पाठवलेलाच. त्यांचं उत्तर आलं, ‘तुम्हालाही’.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यात झाली. जयनगरच्या बाजारात मी सईसाठी बूट घ्यायला गेले होते. अवरेकाईचे दिवस, फूटपाथभर त्या शेंगांचे ढीग. अक्का वाकून शेंगा निवडत होत्या. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. पळून जाण्याइतकी गर्दी होती. पण त्यांनी वर पाहिलं.

‘‘काय मॅडम, बऱ्या आहात?’’

मी काहीबाही बोलले. तब्येत, त्यांचे यजमान अण्णा कसे आहेत, प्रवास फार होतो का. मग एकदम म्हणाले, ‘‘अक्का, त्या वेळी मी...’’ त्यांनी हातानंच थांबवलं. जुनं उकरायला नको म्हणून थांबवलं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

‘‘ती पावडर अजून मिळते का हो दुकानात?’’

‘‘मिळते.’’

‘‘तुमची मुलगी पिते का?’’

मी खोटं बोलू शकले असते. का कोण जाणे, तेवढं एक खोटं मला जमलं नाही. ‘‘नाही,’’ मी म्हणाले.

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. राग असता तर सोसला असता. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त खात्री झाल्याचा भाव होता, प्रयोग तिसऱ्यांदा करून तेच उत्तर आल्यावर यायचा तसा. मग त्या भाजीवालीकडे वळल्या आणि कानडीत म्हणाल्या, यातल्या अर्धा किलो दे. मी सईचे बूट न घेताच घरी आले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, त्या सोमवारी कॉलेजातून परत येताना के. आर. पुरमच्या पुलाच्या पायऱ्यांवर त्यांना चक्कर आली. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शुद्ध आली नाही. एकसष्ट हे काही जाण्याचं वय नव्हे. रोजच्या त्या चार तासांच्या प्रवासानं त्यांचा जीव घेतला असं म्हणायला माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. अक्का असत्या तर असलं वाक्य त्यांनी मला लिहू दिलं नसतं. पण त्या पायऱ्यांवर त्या माझ्यामुळे होत्या, हे वाक्य त्यांनी खोडलं नसतं.

बातमी आल्यानंतर पाच दिवसांनी मी संचालकांना पत्र लिहिलं. तिन्ही प्रयोग झाले होते, तिसरा माझ्या सांगण्यावरून झाला होता, आतड्याच्या टप्प्याचे निष्कर्ष ग्राहकाला आणि अन्नसुरक्षेच्या अधिकाऱ्यांना कळवावेत, आणि सरोजा बाईंच्या नोंदीवरचं माझं टिपण रद्द करावं. उत्तर दोन ओळींचं आलं. ठरलेली मुदत संपल्यामुळे ते नमुने आणि त्या वह्या नियमानुसार नष्ट केल्या आहेत, आणि संबंधित व्यक्ती हयात नसल्यामुळे टिपणाचा प्रश्न उरत नाही. मग मी स्वतः अधिकाऱ्यांना लिहिलं. पोच आली आहे. सोबत कागदपत्रं जोडा, असं तिच्यात म्हटलं आहे. कागदपत्रं नाहीत. मी आहे, पण मी जोडता येत नाही.

राजीनामा दिला. त्यात शौर्य काही नाही. ते दाखवायची वेळ होती तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. मला मात्र निरोप मिळाला. केक, पुष्पगुच्छ, आणि संचालकांचं भाषण. त्यात माझ्या ‘सचोटी’चा उल्लेख दोनदा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केकही मी खाल्ला.

हे सगळं सांगायला मी गेल्या रविवारी जयनगरला गेले. अक्कांचे यजमान वेंकटराव, एका सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, घरी एकटेच होते. मूलबाळ नाही. मी तेराव्याला गेले होते तेव्हा गर्दीत त्यांनी मला ओळखलं नव्हतं. या वेळी दारातच म्हणाले, ‘‘तुम्ही त्या मॅडम ना? या.’’

मी पत्राचं सांगितलं, उत्तराचं सांगितलं, टिपणाचंही सांगितलं, काही न वगळता. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आता कशाला?’’ रागानं नव्हे, खरंच विचारल्यासारखं.

‘‘अक्का काय म्हणायच्या, अण्णा? माझ्याबद्दल?’’ विचारू नये ते मी विचारलं.

‘‘एकदाच म्हणाली. ती मुलगी वाईट नव्हे, भित्री आहे, म्हणाली.’’ मग, ‘‘वाईट माणसांपासून माणूस जपून राहतो, हेही म्हणाली.’’

बारा वाजून गेले होते. मी उठले तेव्हा ते म्हणाले, ‘‘स्वल्प थांबा. एक काम आहे.’’ स्वयंपाकघरात नेलं. फळीवर ओळीनं बरण्या होत्या, आणि प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, अक्कांच्या बारीक, सरळ अक्षरातली. आत काय, केव्हा केलं, केव्हापासून वापरायचं. त्यांनी कडेची लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून माझ्या हातात दिली. ‘‘शेवटची केलेली. रोज दहीभातच खातोय, त्याबरोबर काढावं म्हणतो. चष्म्याचा नंबर वाढलाय, मला हे दिसत नाही. झालंय का तयार, वाचा.’’

मी चिठ्ठी वाचली. म्हातारा माणूस, समोर नुसता दहीभात. ‘झालंय’ म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

‘‘अजून अठरा दिवस आहेत, अण्णा.’’

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं आणि होती तिथेच परत ठेवली.

‘‘सरी,’’ ते म्हणाले. ‘‘तिने लिहिलंय म्हणजे तेवढे असणार.’’